मोरीत वाहून जाणारा पैसा

नमस्कार श्रोतेहो.

किराणा दुकानाच्या दारात तोरणासारख्या लटकणाऱ्या शाम्पूच्या पुड्या तुमच्या ओळखीच्या आहेत. पुडी परवडत नाही, मोठी बाटली स्वस्त पडते, असं आपण धरून चालतो. तांदूळ, चहापत्ती, कपड्यांची पावडर यांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. शाम्पूचा हिशेब मात्र बहुतेक वेळा उलटा निघतो.

करून बघू. समजा, २ रुपयांच्या पुडीत ६ मिलिलिटर शाम्पू आहे. म्हणजे मिलीला ३३ पैसे. ३४० मिलीची बाटली ३४० रुपयांना, म्हणजे मिलीला १ रुपया. आणि मोबाइलवर जाहिरात पाहून मागवलेली, कांद्याचं नाही तर रोझमेरीचं चित्र असलेली २०० मिलीची बाटली ४५० रुपयांना, म्हणजे सव्वादोन रुपये. खांद्यापर्यंतच्या केसांना एका न्हाण्याला ८ मिली पुरतो. आठवड्यातून दोनदा न्हायलं तर वर्षाला ८३२ मिली. पुडीने २७५ रुपये, बाटलीने ८३२, चित्रवालीने १८७२. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या दुकानातले घालून भागाकार करा. बाटलीवर एमआरपीच्या शेजारी आता ‘यूएसपी’ असं लिहून एका मिलीची किंमत छापलेली असते. पुडीचा भागाकार आपला आपणच करायचा. एकाच कंपनीच्या पुडीतला आणि बाटलीतला माल वेगळा असू शकतो, तेव्हा मागची घटकांची यादीही ताडून बघा. आणि रिकामी पुडी कचऱ्याच्या डब्यात टाका, मोरीत नको. जाळीत अडकलेलं पाणी शेवटी तुम्हालाच काढावं लागतं.

शाम्पू डोक्यावर जेमतेम दोन मिनिटं असतो आणि मग मोरीत जातो. त्याच्याकडून एकच काम करून घ्यायचं: तेल, घाम, धूळ काढणं. म्हणून खर्चाची पहिली कात्री तिथे लावायची.

आता बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचू. घटक जास्तीकडून कमीकडे या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं पाणी. मग फेस आणणारे, मळ सोडवणारे पदार्थ: सोडियम लॉरेथ सल्फेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन वगैरे. मग घट्टपणासाठी मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. १ टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी हव्या त्या क्रमाने लिहिता येतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. यादीत फेनॉक्सिइथेनॉल हे नाव शोधा. शाम्पू टिकवणारा हा पदार्थ सहसा १ टक्क्याच्या वर घालत नाहीत. म्हणजे त्याच्या नंतर जे काही आलंय, मग तो कांदा असो, भृंगराज म्हणजे आपला माका असो, आर्गन तेल असो की बायोटिन, ते १ टक्क्याच्या आतलं. पुढच्या बाजूला ज्याचा मोठा फोटो, मागच्या बाजूला त्याचा फक्त वास. हे नाव यादीत नसेल तर परफ्यूम किंवा फ्रॅगरन्स हा शब्द कुठे आहे ते बघा, अंदाज येतो.

कांद्याचंच घ्या. कांद्याच्या रसावरचा २००२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सगळीकडे पुढे केला जातो. तो बगदादमध्ये झाला, मोजक्या रुग्णांवर, ताजा रस दिवसातून दोनदा चोळून. आणि तो चाई पडण्यावर होता. चाईत नाण्याएवढे गोल चट्टे पडतात आणि ते पुष्कळदा आपोआपही भरून येतात. रोजच्या केसगळतीवर, शाम्पूत घालून दोन मिनिटांत धुऊन टाकलेल्या कांद्याच्या अर्काबद्दल तो काही सांगत नाही.

‘सल्फेट-फ्री’ या शब्दासाठीही बरेच पैसे मोजले जातात. केस रंगवलेले असतील, सरळ करून घेतलेले असतील किंवा मुळातच कोरडे आणि कुरळे असतील, तर सौम्य शाम्पूचा उपयोग आहे. तेलकट टाळूला, चंपीनंतर, तो दोन-तीनदा लावावा लागतो, मग बचत कुठली? शिवाय सल्फेट नाही म्हणून पुष्कळदा सोडियम सी१४-१६ ओलेफिन सल्फोनेट घातलेलं असतं. तोही तितकाच कडक मळ काढणारा. नावात सल्फेट नाही, एवढाच काय तो फरक.

पुढचा सापळा फुलीचा. ‘केसगळती ९० टक्क्यांनी कमी’ अशा ओळीच्या डोक्यावर एक बारीक फुली असते. खाली मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात स्पष्टीकरण: केस तुटल्यामुळे होणारी गळती, कंडिशनर नसलेल्या शाम्पूच्या तुलनेत. केस तुटणं आणि केस मुळापासून गळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फरक घरी कळतो. फणीत आलेले दहा-बारा केस पांढऱ्या कागदावर ठेवा. एका टोकाला बारीकसा पांढरा गोळा दिसला तर केस मुळापासून आला. आखूड तुकडे असतील आणि गोळा नसेल तर तो तुटला. तुटण्यावर कंडिशनर, तेल, रुंद दातांचा कंगवा यांचा उपयोग होतो. मुळापासून गळण्यावर नेहमीच्या शाम्पूचा होत नाही.

दिवसाला ५० ते १०० केस गळणं हे नेहमीचंच. एकदम मूठ-मूठ यायला लागले तर कालनिर्णय काढा आणि दोन-तीन महिने मागे जा. डेंग्यू, टायफॉइड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया, उपासमारीचं डाएट, यांतलं काही सापडतं का बघा. अशा धक्क्यानंतर बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. ही गळती साधारण सहा महिन्यांत आपली आपण ओसरते. आपण घाबरून महागडं सीरम घेतो ते नेमकं गळती शिगेला पोचलेली असताना. पुढे ती कमी होणारच असते, आणि श्रेय बाटलीला जातं. मग ती बाटली आपण मावशीला सुचवतो, मावशी भिशीतल्या बायकांना.

ओसरली नाही तर तो पैसा तपासणीवर घाला: हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा, थायरॉइड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. शरीरात लोह नसेल तर डोक्यावर काहीही ओतून चालणार नाही.

२०२४ संपता संपता आणि २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव परिसरात गावंच्या गावं केसगळतीने हादरली. काही दिवसांत टक्कल. आधी संशय पाण्यावर गेला, शाम्पूवर गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांत रुग्णांच्या रक्तात आणि तिथल्या गव्हात सेलेनियम हे खनिज फार जास्त आढळलं. हे इथे सांगण्याचं कारण असं, की ‘केसांसाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक गोळ्यांमध्ये सेलेनियम असतंच, अ जीवनसत्त्वही असतं, आणि ही दोन्ही जास्त झाली की केस गळतात. दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकदम घेणाऱ्यांनी दोन्ही पाकिटांवरचे आकडे बेरजेला मांडावेत. बायोटिनची शरीराची रोजची गरज ३०-४० मायक्रोग्रॅम, आणि कित्येक गोळ्यांत असतं १० हजार मायक्रोग्रॅम. जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जातं, पण जाता जाता थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात त्या ट्रोपोनिनच्या रक्ततपासणीत खोटे आकडे दाखवू शकतं. रक्त देण्याआधी ही गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा.

आनुवंशिक टक्कल पडत असेल, तर पुरावा भक्कम असलेलं लावायचं औषध म्हणजे मिनॉक्सिडिल. नेहमीचं प्रमाण १ मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते आणि तिथेच बहुतेक जण सोडतात. फरक कळायला चार ते सहा महिने लागतात, आणि थांबवलं की मिळवलेलं जातं. डॉक्टरांना विचारूनच सुरू करा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी नको. घरात मांजर असेल तर फार जपा, तिला ते विषारी आहे.

आता कोंडा. इथे योग्य बाटली खरोखर काम करते, आणि चुकीच्या सवयीने तीही वाया जाते. कोंड्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असते. ती टाळूवरच्या तेलावर जगते. म्हणजे ‘टाळू कोरडी पडली, तेल लाव’ हा घरोघरीचा सल्ला तिला जेवायला वाढण्यासारखा आहे. तेलाने पापुद्रे चिकटून बसतात, दिसत नाहीत, म्हणून दोन दिवस बरं वाटतं इतकंच. बाटलीवर घटक बघा: झिंक पायरिथिओन, सेलेनियम सल्फाइड किंवा केटोकोनॅझोल. हे सेलेनियम वरून लावून धुवायचं आहे, पोटात घ्यायचं नाही, तेव्हा घाबरू नका. केटोकोनॅझोल २ टक्के औषधाच्या दुकानात मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्या. केस ओले करायचे, ५ ते १० मिली टाळूवर बोटांच्या पेरांनी लावायचं, आणि घड्याळ लावून ३ ते ५ मिनिटं ठेवायचं. बहुतेकांचं चुकतं ते इथे: फेस झाला की वीस सेकंदांत डोक्यावर पाणी ओततात आणि म्हणतात, गुण आला नाही. आठवड्यातून दोनदा, मधे तीन दिवसांचं अंतर ठेवून, चार आठवडे. मग आठवड्या-पंधरवड्याला एकदा. एका बाटलीने कोंडा कायमचा जात नाही, तो परत येतो, ही त्या औषधाची फसवणूक नव्हे. जाड चंदेरी खपल्या कपाळावर उतरत असतील, किंवा लहान मुलाच्या डोक्यात केस गेलेला खवल्यांचा चट्टा असेल, तर शाम्पू ठेवून त्वचारोगतज्ज्ञ गाठा.

तेलाचं म्हणाल, तर खोबरेल हा स्वस्तात मिळालेला खरा माल आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना झाली होती. धुताना केसांतून प्रथिनं निघून जातात, ती गळती फक्त खोबरेलाने कमी झाली. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. सांगायला हवं, की ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, पण पुढे इतरांच्या कामातही खोबरेल केसात शिरतं हे दिसलं. बदाम, मोगरा, आवळा अशी नावं मिरवणाऱ्या तेलांमध्ये पहिला घटक अनेकदा लाइट लिक्विड पॅराफिन, म्हणजे खनिज तेल असतं. केसांना ते वरून चकाकी देतं, विषारी नाही, पण बदामाचा भाव द्यायचा कशाला? साधी खूण: खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं. जानेवारीत नाशिककडे पहाटे बाटली पातळच राहिली, तर यादीत आणखी काय आहे ते वाचा. निळ्या-हिरव्या बाटल्यांतलं शुद्ध खोबरेल खायचं तेल की केसांचं, यावरचा करांचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८ डिसेंबर २०२४ला ‘खायचं’ असा निघाला, केशतेल म्हणून विकलं नसेल तर. स्वयंपाकघरातलं खोबरेल डोक्याला लावायला काहीच हरकत नाही. न्हाण्याआधी रात्री किंवा दोन-तीन तास, एक ते दोन चमचे, आणि टाळूपेक्षा केसांच्या लांबीला. कोंडा असेल तर टाळूला अजिबात नको.

पाण्याकडे वळू. बोअरच्या किंवा टँकरच्या जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्याने केस राठ होतात, तुटतात. मुळापासून गळतात असं नाही. बाटलीत अर्धं पाणी घ्या, साबणाचा किसून केलेला द्राव पाच-सहा थेंब टाका, जोरात हलवा. फेसाऐवजी पांढरट साय आली तर पाणी जड. मग अंगाचा साबण केसांना लावू नका, तीच साय केसांवर बसते. यादीत ईडीटीए, म्हणजे क्षारांना बांधून ठेवणारा पदार्थ, असलेला शाम्पू निवडा आणि शेवटचा एक मग फिल्टरच्या पाण्याचा घ्या. आरओ यंत्राच्या नळीतून बाहेर टाकलं जाणारं वाया पाणी साठवून न्हायला वापरतात, ते करू नका. ते मूळ पाण्याहूनही जड असतं. फरशीला वापरा.

शाम्पू नेहमी मगातल्या पाण्यात पातळ करून घ्या, कमी लागतो. पण बाटली संपत आली म्हणून तिच्यात पाणी घालून आठवडाभर ठेवू नका. टिकवणारं द्रव्य पातळ होतं आणि जंतू वाढतात.

थोडा जास्त पैसा घालायचाच असेल, तर कंडिशनरवर घाला, कारण धुतल्यावरही त्याचा थर केसांवर राहतो. यादीत पहिल्या चार-पाच नावांत बेहेंट्रिमोनियम किंवा सेट्रिमोनियम आणि सेटेरिल अल्कोहोल दिसलं की झालं. हे अल्कोहोल मेणासारखं असतं, केस कोरडे करत नाही. टाळू सोडून अर्ध्या लांबीपासून टोकांपर्यंत, एक-दोन मिनिटं, मग धुवा. केस पंचाने टिपा, झटकू नका, आणि गुंता टोकाकडून सोडवत वर या.

नवीन काही घ्यायचं झालंच, तर पुड्यांचाच उपयोग करा. चार पुड्या, चार न्हाणी, आणि त्या काळात तेल, कंडिशनर, पाणी काही बदलायचं नाही. एकदम तीन गोष्टी बदलल्या की कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि मग तिन्ही आयुष्यभर विकत घेत बसावं लागतं. केसांचा मऊपणा या चार न्हाण्यांत कळतो. कोंड्याला चार आठवडे द्या. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, तेव्हा ‘१५ दिवसांत दाट केस’ असं लिहिलेली बाटली दुकानात जिथे होती तिथेच परत ठेवा.