हृदय, मागच्या बाजूने

चित्रफितीत पडद्यावर सावकाश फिरणारी हृदयाची ही त्रिमितीय प्रतिकृती शाळेच्या आकृतीशी जुळत नाही, कारण आकृतीत वर दोन अलिंदे आणि खाली दोन निलये अशा चार खोल्या एकाच सपाट पातळीत बसवलेल्या असतात. प्रत्यक्षात उजवे निलय पुढे, छातीच्या हाडामागे असते, आणि डावे अलिंद पार मागे, अन्ननलिकेला टेकलेले असते. ते पाहायचे तर हृदय फिरवावेच लागते.

अशा प्रतिकृतींना आधार देणारे मोठे काम अमेरिकेत झाले. तेथील नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या ‘व्हिजिबल ह्यूमन प्रोजेक्ट’साठी कोलोरॅडो विद्यापीठात एका पुरुषाचा देह गोठवण्यात आला, एकेक मिलिमीटरचा थर खरवडून काढण्यात आला आणि दर वेळी उघड्या पडलेल्या पृष्ठभागाचे छायाचित्र घेण्यात आले. अशी १,८७१ छायाचित्रे १९९४ मध्ये अभ्यासकांना खुली झाली. पुढच्या वर्षी स्त्रीदेहासाठी थर एक तृतीयांश मिलिमीटरचे ठेवल्याने ही संख्या पाच हजारांवर गेली. प्रत्येक छायाचित्रात अवयवाची कड आखायची आणि त्या कडा एकावर एक रचायच्या, म्हणजे आकार उभा राहतो; काम कमालीचे कंटाळवाणे आहे.

हालचाल मात्र जिवंत माणसाच्या एमआरआय आणि टूडी एकोवरून घ्यावी लागते. डाव्या निलयाचे स्नायुतंतू मळसूत्री वळणाने गेलेले असल्यामुळे ते आवळताना ओला पंचा पिळावा तसे पिळलेही जाते; टोक एका दिशेला वळते, वरचा भाग दुसऱ्या. मिनिटाला ७२ ठोके धरले तर एक ठोका जेमतेम ०.८ सेकंदाचा असतो; येथे तो दहापट संथ केला आहे.

आता डावे अलिंद आणि डावे निलय यांच्यामधल्या द्विदल झडपेजवळ पाहू. खालून बांधलेल्या या पांढऱ्या दोऱ्या झडप ओढून उघडतात, असे पुष्कळांना वाटते. झडप रक्ताच्या दाबानेच उघडते आणि मिटते; निलय आवळले जाताना ती, वाऱ्यात छत्री उलटावी तशी, अलिंदात उलटू नये एवढ्यासाठी या दोऱ्या असतात.

कमी ऑक्सिजनचे रक्त निळे दाखवण्याची प्रथा येथेही सुटलेली नाही, हे खटकते. शरीरात ते गडद लालच असते.

वर्गात ही चित्रफीत दाखवून झाली आहे. परीक्षेत आकृती सपाटच काढायची आहे.