गोळी बंद केली आणि वारं गेलं

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेत आवाज येतोय ना? येतोय, बरं.

मला विषय दिलाय हृदयविकार आणि लकवा, म्हणजे स्ट्रोक. बऱ्याच जणांना वाटतं हे दोन वेगळे आजार आहेत, एकाला हार्टचा डॉक्टर, दुसऱ्याला मेंदूचा, आणि आपल्याकडे तर लकव्याला 'अंगावरून वारं गेलं' असंच म्हणतात, म्हणजे कुठून तरी बाहेरून आलं आणि माणसाला पाडून गेलं. पण स्ट्रोकच्या माझ्या कितीतरी पेशंटमध्ये हे वारं बाहेरून आलेलंच नव्हतं, ते त्यांच्या स्वतःच्या हृदयातून निघालं होतं, आणि जाण्याआधी कित्येक महिने तिथे तयार होत होतं.

एका काकूंबद्दल सांगतो, नाव सांगत नाही. वय ६२. लहानपणी घसा दुखायचा, मग सांधे सुजायचे, घरच्यांनी वाताचं म्हणून सोडून दिलं. तिशीत धाप लागायला लागली तेव्हा कळलं की मायट्रल व्हॉल्व, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधली झडप, आकसलाय, मग बलून करून तो उघडला, आणि पुढे ठोके अनियमित झाले म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू केली, एसिट्रोम. पंधरा वर्षं त्यांनी ती गोळी एकदाही चुकवली नव्हती. मग दाढ दुखायला लागली, काढायची म्हणून कोणीतरी सांगितलं की गोळी बंद ठेवा. दाढ निघाली. गोळी परत कधी सुरू करायची हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही, कारण बंद केल्यावर त्यांना काहीच त्रास झाला नाही, उलट बरंच वाटलं म्हणे. अकराव्या दिवशी सकाळी हातातून चहाचा कप पडला, तोंड वाकडं झालं, शब्द फुटेना. घरच्यांनी तेल चोळलं, शेजारच्या गावातून औषधी काढा आणला, आणि आमच्याकडे पोचल्या तेव्हा नऊ तास होऊन गेले होते. आज त्या काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. बोलता येत नाही. 'अगं' एवढा एक शब्द आहे, तोच सगळ्याला. मुलगी म्हणते आईला काय हवंय ते आता आम्ही त्या 'अगं'च्या सुरावरून ओळखतो. हे टळू शकलं असतं, म्हणून मी आज इथे बोलतोय.

आता हृदयात गुठळी होते कशी ते सांगतो. विरजण लावलेलं पातेलं आपण हलवत नाही, हो ना, स्थिर राहिलं तरच दही लागतं. रक्ताचंही तसंच समजा, वाहतं आहे तोवर ठीक, एका जागी थांबलं की गोठायला लागतं. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला एक छोटासा खिसा असतो, सदऱ्याला असतो तसा. कप्पा नीट आकुंचन पावतो तेव्हा खिशातलं रक्तही बाहेर फेकलं जातं. पण एट्रियल फिब्रिलेशन, आम्ही एएफ म्हणतो, त्यात तो कप्पा आकुंचन पावतच नाही, नुसता थरथरतो. मग खिशात रक्त साचतं आणि विरजण लागतं. ज्यांचे व्हॉल्व चांगले आहेत अशा एएफच्या पेशंटमध्ये दहातल्या नऊ गुठळ्या या खिशातच सापडतात. आणि एक दिवस ती गुठळी सुटते, पुढे ढकलली जाते, आणि हृदयातून वर जाणारा सरळ रस्ता मेंदूकडे जातो.

मोठी गुठळी मोठ्या नळीत अडकते, त्यामुळे हा स्ट्रोक साध्या स्ट्रोकपेक्षा वाईट असतो. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे, तिथल्या लोकांचा हृदयाचा अभ्यास १९४८ पासून चालू आहे, पिढ्यान् पिढ्या. त्यात दिसलं की एएफ असेल तर स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो, आणि ऱ्हुमॅटिक व्हॉल्वचा आजार, म्हणजे लहानपणीच्या त्या घशा-सांध्यांच्या दुखण्यातून बिघडलेला व्हॉल्व, अधिक एएफ असेल तर सतरापटीच्या आसपास. सतरा! काकू या दुसऱ्या गटातल्या होत्या. त्याच अभ्यासात एएफमुळे झालेल्या स्ट्रोकनंतर महिन्याभरात २५ टक्के लोक गेले, एएफ नसलेल्यांमध्ये हेच १४ टक्के होतं. आणि जे वाचतात त्यांच्यातही अंथरुणाला खिळणारे जास्त.

बाकीची कारणं भरभर सांगतो. हार्ट अटॅक मोठा आणि पुढच्या बाजूचा असेल तर खालच्या कप्प्याची भिंत हलत नाही, तिथे गुठळी धरते, म्हणून अटॅकनंतर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला सांगतात तो टाळू नका. हृदयाचं पंपिंग खूप कमी असेल तरी धोका असतो. आणि मेटलचा व्हॉल्व बसवलेला असेल, आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत बनलेला व्हॉल्व १९९० पासून कितीतरी लोकांना बसवलाय, त्या सगळ्यांना गोळी आयुष्यभर. तिथे एक आठवडा बंद हासुद्धा जुगार आहे.

आता गोळ्यांबद्दल जरा सावकाश बोलतो, कारण सगळा घोटाळा इथे आहे. आपण सगळ्याच औषधांना 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतो. खरं तर रक्त पातळबितळ काही होत नाही, गोठायला उशीर लागतो एवढंच. आणि त्यात दोन जाती आहेत. एक इकोस्प्रिन म्हणजे एस्पिरिन, क्लोपिडोग्रेल वगैरे, त्या रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटू देत नाहीत, अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट टाकला की या देतात, आणि त्या तिथे फार मोलाच्या आहेत. दुसरी जात वॉरफेरिन, एसिट्रोम आणि नवीन गोळ्या, डॅबिगॅट्रान, रिव्हरॉक्सॅबान, एपिक्सॅबान. त्या गुठळीचं जाळं विणू देत नाहीत. हृदयाच्या खिशात जी साचलेल्या रक्ताची गुठळी होते तिला ही दुसरी जात लागते. एएफमध्ये वॉरफेरिनने स्ट्रोक साधारण ६४ टक्क्यांनी कमी होतात, एस्पिरिनने जेमतेम २० टक्क्यांच्या आसपास. आणि तरी मला दर आठवड्याला कोणीतरी भेटतं जे सांगतं की डॉक्टर, एएफ आहे पण वय झालंय म्हणून नुसती इकोस्प्रिन चालू आहे, ती सौम्य असते ना. नाही हो, म्हातारपणात ती सौम्यही नसते. इंग्लंडमध्ये ७५ च्या पुढच्या लोकांवरच मुद्दाम अभ्यास केला, २००७ साली आला, त्यात वॉरफेरिनवाल्यांना वर्षाला १.८ टक्के आणि एस्पिरिनवाल्यांना ३.८ टक्के मोठे स्ट्रोक वगैरे झाले, आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. म्हणजे ज्या भीतीने चांगली गोळी टाळली ती भीती एस्पिरिनमध्येही तेवढीच होती, फायदा मात्र निम्मा.

अजून एक भीती, पडण्याची. आजी पडल्या तर डोक्यात रक्त होईल. खरी भीती आहे, मी ती उडवून लावत नाही, पण कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये याचा हिशेब मांडला होता, त्यात आलं की वॉरफेरिनचा तोटा फायद्यापेक्षा जास्त व्हायला वर्षाला साधारण २९५ वेळा पडावं लागेल. हा हिशेब आहे, प्रत्येक आजीला जसाच्या तसा लागू होईल असं नाही, पण बहुतेक वेळा मी घरच्यांना म्हणतो की गोळी बंद करण्याऐवजी बाथरूममध्ये पकडायला दांडा लावा, पायपुसणी काढा आणि बीपी सांभाळा.

वॉरफेरिनचा जन्म मोठा गमतीशीर आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन भागात सडलेला चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची, त्या चाऱ्यात काय आहे ते शोधता शोधता हे औषध निघालं, आधी १९४८ मध्ये उंदीर मारायला विकलं, मग पन्नाशीच्या दशकात माणसांसाठी, आणि आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष असताना त्यांना १९५५ मध्ये हार्ट अटॅक आला तेव्हा त्यांनाही दिलं. उंदराचं औषध आम्हाला देताय का असं कोणी इंटरनेटवर वाचून येतं तेव्हा मी हे सगळं सांगतो. डोस महत्त्वाचा, म्हणून तर आयएनआर तपासायचा, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा. बहुतेकांना २ ते ३ च्या मध्ये हवा, मायट्रलचा मेटल व्हॉल्व असेल तर थोडा वर, २.५ ते ३.५. कमी झाला तर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव.

आणि आयएनआर आपल्या घरात बिघडतो तो स्वयंपाकघरात. मेथी, पालक, चाकवत, शेपू, या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं, ते गोळीच्या विरुद्ध काम करतं. म्हणून पालेभाजी बंद करू नका, फक्त रोज साधारण सारखी खा. श्रावण लागला की मटण-मासे बंद आणि पालेभाज्यांची रेलचेल, महिन्याने आयएनआर बघावा तर घसरलेला. जुलाबासाठी मेट्रोनिडॅझोल घेतली तर उलटा, एकदम चढतो. गुडघेदुखीची डायक्लोफेनॅक मेडिकलमधून स्वतःच आणू नका, या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. आणि सांधेदुखीच्या त्या बिनलेबलच्या पुड्या तर अजिबात नको.

नवीन गोळ्यांना आयएनआर लागत नाही, भाजीचं बंधन नाही, पेटंट संपल्यावर भावही खूप उतरलेत, एएफच्या बहुतेकांना आज त्याच देतात. पण त्यांचीही खोड आहे. रिव्हरॉक्सॅबानची १५ किंवा २० ची गोळी जेवणाबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी ती पुरती शोषली जात नाही. म्हणजे एकादशीला, नवरात्रात नऊ दिवस कडक उपास करून नुसत्या पाण्याबरोबर ती घेतली तर अर्धवट काम. उपास करायचा असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, दुसरी गोळी बदलून देता येते. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका, आणि आठवड्याच्या डबीत काढून ठेवू नका, तिला दमट हवा चालत नाही, कोकणात तर विशेष.

आणि काकूंसारख्यांसाठी महत्त्वाचं. ऱ्हुमॅटिक व्हॉल्व आकसलेला असेल किंवा मेटलचा व्हॉल्व असेल तर नवीन गोळ्या नाहीत, जुनीच. २०२२ मध्ये इन्व्हिक्टस नावाचा अभ्यास आला, २४ देश, साडेचार हजारांवर पेशंट, भारतातलेही, सरासरी वय पन्नाशीचं आणि चारातल्या जवळपास तीन बायका. आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की नवीन गोळी निदान बरोबरी करेल. झालं उलटंच, जुन्या गोळीवाल्यांमध्ये मृत्यू कमी. तेव्हा शेजारणीला आयएनआरची कटकट नाही म्हणून तिची गोळी आपल्यालाही लिहून द्या, असं म्हणू नका.

आता एवढं करूनही झालाच स्ट्रोक तर. तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं की घड्याळ बघा आणि १०८ लावा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत, त्याच्या पुढे काही पेशंटमध्ये मोठी गुठळी तारेने ओढून काढतात, निवडक लोकांत २४ तासांपर्यंत, आणि हृदयातून आलेली गुठळी मोठी असते त्यामुळे या उपचाराचा फायदा त्यांना खूपदा होतो. दर मिनिटाला मेंदूच्या १९ लाख पेशी मरतात. तेल चोळण्यात, कबुतराचं रक्त लावण्यात, पाणी पाजण्यात तो वेळ घालवू नका, गिळता येत नसेल तर पाणी फुप्फुसात जातं. घरी एस्पिरिनही देऊ नका, आत रक्तस्राव झालाय की गुठळी आहे हे सीटी केल्याशिवाय देवालाही कळत नाही. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तिची स्ट्रिप, शेवटचा आयएनआर आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली हे बरोबर न्या, त्यावर इंजेक्शन द्यायचं की नाही ते ठरतं. इंजेक्शन देता आलं नाही तरी गुठळी ओढून काढता येऊ शकते, म्हणून आशा सोडून घरी परत जाऊ नका.

गडचिरोलीच्या खेड्यांत 'सर्च' संस्थेने मृत्यूंची कारणं तपासली होती, ८६ गावं, त्यात सगळ्यात जास्त मृत्यू स्ट्रोकने झालेले निघाले, शंभरात चौदा. बहुतेक जण घरीच गेले. मी हे वाचलं तेव्हा सुन्न झालो होतो, कारण आम्ही समजत होतो हा शहरातला, श्रीमंतांचा आजार.

कोणीतरी हात वर केलाय, हां, बोला आजोबा. गोळी घ्यायची राहिली तर? त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर राहिली ती राहिली, दोन एकदम घेऊ नका. आणि मावशी, तुमचा प्रश्न, दाढेचा ना? साधी एक दाढ काढायला गोळी बहुतेक वेळा बंद करावी लागत नाही. ज्यांनी ती सुरू केली त्यांना फोन करून विचारा, आणि बंद करायला सांगितलीच तर कोणत्या तारखेला परत सुरू करायची ते कागदावर लिहून घ्या.

वेळ संपत आलीय. ज्यांचं वय ६५ च्या पुढे आहे त्यांनी इकडे डाव्या बाजूला या, आमच्या सिस्टर नाडी बघतील. घरीही बघता येते, अंगठ्याच्या खाली मनगटावर तीन बोटं ठेवा, मिनिटभर मोजा, भजनात टाळ पडतात तसे सारख्या अंतराने ठोके पडले तर ठीक. कोणताच ठेका धरत नसेल, एक लवकर, एक उशिरा, एक हलका, तर घाबरू नका, ईसीजी मशीन मी बरोबर आणलंय. चपला तिथेच ठेवा, बाकड्यावर बसा, दोन मिनिटं शांत बसल्यावर बघू.