ठकी एका जागी बसत नाही

मंडळी, ठकी म्हणजे लाकडाची बाहुली. ठेवाल तिथे बसते. आमच्या नातीने शेल्टरमधून आणलेल्या 8 महिन्यांच्या गावठी कुत्रीला हे नाव दिलं, कारण पहिले आठ-दहा दिवस ती खरोखर तशीच होती. सोफ्याखाली शिरायची, वाटी सरकवली की खायची, हूं की चूं नाही. येणारेजाणारे म्हणायचे, "किती गरीब आहे हो!" मीही खूश. अकराव्या दिवशी तिने चष्म्याचं घर, बेसनाची पुडी आणि एक उशी, या क्रमाने निकालात काढली.

असं कुत्रं सुरुवातीला गप्प असतं ते भीतीने. धिंगाणा सुरू झाला की समजावं, जीव रमला. पण हे मला तेव्हा कोण सांगणार? मी ठरवलं, हिची रग जिरवायची. रोज पहाटे पर्वती चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. महिनाभरात माझा गुडघा गेला आणि ठकीचा दम वाढला. तालमीत पैलवान तयार करतात तसं मी तिला तयार केलं होतं, आणि तो पैलवान संध्याकाळी सातला घरभर फेऱ्या मारायचा.

ठकीला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दिवसभरात झोपते किती?" मी कधी मोजलंच नव्हतं. या वयाच्या कुत्र्याला दिवसाचे 12 ते 14 तास झोप लागते. आमच्याकडे बेल वाजते, नात खेळवते, टीव्ही चालू. हिचा डोळा लागणार कधी? झोप न मिळालेलं पोर कसं किरकिरतं, तसंच हे. दुपारी एका खोलीत पडदे ओढून तिला निवांत ठेवायला लागलो. निम्मा गोंधळ तिथेच संपला.

उरलेला निम्मा नाकाने संपवला. रस्त्यावरचं कुत्रं दिवसभर काय करतं? हुंगत हिंडतं, पोटाचं शोधतं. आपण त्याला स्टीलच्या भांड्यात आयतं वाढतो, दोन मिनिटांत चट्टामट्टा, पुढे काय? आता ठकीच्या भाकरीचे तुकडे मी जुन्या गोणपाटाच्या घड्यांत लपवते. वीस मिनिटं शोधते आणि लवंडते. फिरायला गेलो की एका खांबाशी ती पाच मिनिटं थांबली तर मीही थांबते. पूर्वी पट्टा ओढायचे. तिचं वर्तमानपत्र वाचून होण्याआधीच मी ते हिसकावत होते की!

एकदा तिने ओट्यावरची पोळी पळवली. नामदेव महाराजांची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे: कुत्र्याने पोळी नेली तर कोरडी खाऊ नको म्हणत ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. मीही धावले, पण माझ्या हातात लाटणं होतं. कुत्र्याच्या लेखी हा पाठशिवणीचा खेळ. दुसऱ्या दिवशी तिने पोळी उचलली आणि दारात थांबून माझ्याकडे पाहिलं, येतेस ना? तेव्हापासून मी धावत नाही. हातात पनीरचा तुकडा घेऊन शांतपणे बोलावते, अदलाबदल होते.

"नर नाही का मिळाला?" हे मला किमान दहा जणांनी विचारलं. मादीला पिल्लं होतील ही धास्ती. ठकीची नसबंदी शेल्टरनेच केली होती. कानाच्या टोकाला कापा आहे तो त्याचीच खूण. शेजारच्या वहिनींना वाटलं, कुणी क्रूरपणे कान कापला. रेबीजची लस मात्र दरवर्षी, न चुकता. आणि गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर हवाच, विशेषतः दिवाळीत. फटाक्याने बिथरलेलं कुत्रं कुठे पळेल याचा नेम नसतो.

सगळ्यात चिवट प्रश्न एकटं राहण्याचा. मी चप्पल घातली की ती रडायची. म्हणून चप्पल घालून नुसतीच खुर्चीत बसायला लागले. मग दाराबाहेर अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं, मग खालच्या वाण्यापर्यंत. यात चार महिने गेले. एका दिवशी घाईने दोन पायऱ्या गाळल्या तर आठवडाभर मागे गेलो.

आज पहिल्यांदाच ती दोन तास एकटी आहे. वहिनींना सांगून आलेय, रडली तर लगेच फोन करा. हा इथे टेबलावर ठेवलाय, अजून वाजलेला नाही.