पुड्यावरची मुलगी, गाय, कोंबड्या आणि सुप्रीम कोर्ट

नमस्कार मंडळी! वेस्टर्न लाइनवाल्यांना आठवत असेल, पार्ला आलं की ट्रेनमध्ये बिस्किटांचा वास घुसायचा. ती पार्ले कंपनीची फॅक्टरी २०१६ ला बंद झाली, पण पार्लेची एक केस ट्रेडमार्कचे वकील अजूनही दाखला म्हणून काढतात, आणि ती आहे चक्क रॅपरवरून.

झालं काय, म्हैसूरच्या एका कंपनीने बिस्किटं काढली. पुड्याचा साइज जवळपास तोच, कलर तोच, मधे मुलगी, तिचा एक हात वर, दुसऱ्या हातात काहीतरी, शेजारी गाय, पुढे कोंबड्या, मागे कुंपणवालं घर. पार्लेच्या पुड्यावरही हेच सगळं! वर एकावर ग्लुको, दुसऱ्यावर ग्लुकोज. आता तुम्ही म्हणाल यात काय बघायचंय, सरळ कॉपी आहे, पण खालच्या कोर्टात पार्ले हरली बरं का. कारण दोन्ही पुडे समोर ठेवून फरक शोधायला बसलात तर सापडतातच, गाय इकडे, कोंबडी तिकडे.

१९७२ ला सुप्रीम कोर्टाने ते सगळं उलटं केलं. म्हणाले, अहो गिऱ्हाईक कुठे दोन पुडे शेजारी ठेवून बघतं? आज एक बघितला, काही दिवसांनी दुसरा दिसला, तर तोच वाटेल का, एवढंच बघायचं. साधा गिऱ्हाईक काही शेरलॉक होम्स नसतो, असं निकालात खरंच लिहिलंय! आणि पटतंच ना, संध्याकाळी दादरला सहा माणसांच्या मागून हात घालून सुट्टे पैसे देताना कोण कोंबड्या मोजतोय.

बिस्किटात फसलात तर चव बिघडेल, औषधात मात्र जिवाशी खेळ. फाल्सिगो आणि फाल्सिटॅब, दोन्ही मेंदूच्या मलेरियावरची, आत औषध वेगवेगळं, आणि गंमत म्हणजे भांडणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या नावात कॅडिला! २००१ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं की औषधांच्या नावात जरा जास्तच कडक राहायला हवं. आपल्या मुंबई हायकोर्टाने तर २०१८ ला कँडिड-बी क्रीमसारखं क्लोडिड-बी काढणाऱ्याला दीड कोटी भरायला लावले, ते गेले केरळच्या पूरग्रस्तांसाठी. मला तरी हा निकाल जाम आवडला.

पण एक गोष्ट खटकते. या सगळ्या केसेस कंपनी विरुद्ध कंपनी, 'गिऱ्हाईक गोंधळलं' म्हणून लढायच्या आणि ज्याने चुकीची ट्यूब घरी नेली त्याला त्यातून एक रुपया नाही. त्याने वेगळी तक्रार करायची. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे फोन लावा, पण आधी पक्कं बिल हातात ठेवा, केमिस्टने चिठ्ठीवर आकडा लिहून दिला असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका.