२३ गोल मारून हरले कसे? आधी स्कोअरबोर्ड बघा

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच रड आहे. २०२४ च्या स्टॅनली कप फायनलमध्ये, म्हणजे आइस हॉकीच्या एनएचएल लीगच्या अंतिम मालिकेत, एडमंटन ऑइलर्सचे २३ गोल, फ्लोरिडा पँथर्सचे १८, मग कप फ्लोरिडाकडे कसा? अहो, चौथा सामना ८-१ होता. सातपैकी चार सामने जिंकेल त्याचा कप. एका रात्रीत आठ मारा नाहीतर दोन, विजय एकच धरतात. विषय संपला.

खरं भांडण आहे ते मुळात सरस कोण खेळलं याचं. आणि त्यासाठी जो तो कॉर्सी घेऊन येतोय.

कॉर्सी पटकन सांगतो. गोलवर गेलेला, बाहेर गेलेला, मध्येच एखाद्या खेळाडूने अडवलेला, प्रत्येक फटका मोजायचा आणि दोन्ही टीमच्या एकूण फटक्यांत आपला वाटा किती टक्के ते बघायचं. अडवलेले वगळले की फेनविक. फटका कुठून मारला त्याचं वजन धरलं की एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल. कॉर्सी हे नाव बफेलोच्या एका गोलकीपर कोचचं. नाव ठेवणाऱ्याला म्हणे त्यांच्या मिशा आवडल्या! असो.

आता खरी गोम. (कागद दाखवत) पहिला सामना फ्लोरिडाने ३-० जिंकला, पण गोलवर फटके एडमंटनचे ३२, फ्लोरिडाचे १८. तेव्हा मी इथेच बसून "फ्लोरिडा निव्वळ नशिबावर जिंकली" असं ठणकावलं होतं. तो व्हिडिओ अजून काढलेला नाही, राहू दे, अद्दल म्हणून. कारण फ्लोरिडाचा पहिला गोल चार मिनिटांच्या आतच झाला होता. उरलेली सगळी मॅच एडमंटन मागे. मागे असलेली टीम बचावपटूंनाही पुढे काढते आणि दिसेल तिथून मारते. पुढे असलेली टीम पक, म्हणजे खेळायची चकती, कडेच्या काचेवर आपटून बाहेर काढते आणि गोलसमोर ठाण मांडते. फटके वाढले कारण ते मागे होते!

उलटं करून बघा. तीच टीम, तेच खेळाडू, पण दोन गोलांनी पुढे. कॉर्सी खाली येतो. लगेच खेळ बिघडला का त्यांचा?

एकाने लिहिलंय, "दादा, एक्सजी लावा, मिटेल." नाही मिटत. मागे पडलेल्या टीमचा एक्सजीसुद्धा फुगतो, थोडा कमी इतकंच. पाच विरुद्ध पाच, म्हणजे शिक्षा होऊन कोणी बाहेर बसलेलं नाही, आणि स्कोअर बरोबरीत, तेवढीच मिनिटं घ्या. नाहीतर स्कोअरनुसार दुरुस्त केलेला आकडा घ्या. पहिल्या सामन्यातला तिसरा गोल तर एडमंटनने जादा खेळाडूसाठी गोलकीपर काढल्यावर रिकाम्या जाळीत गेला होता, तो बाजूला ठेवा. पण एवढं गाळल्यावर सात सामन्यांतून उरतं किती? मूठभर. तेवढ्यावर ५१ टक्के आणि ५३ टक्के यांत फरक काढत बसू नका, माझ्या डोक्याला ताप होतो.

शिवाय गोलकीपर. २०१० मध्ये वॉशिंग्टन साखळी सामन्यांतून १२१ गुण घेऊन आली होती, मॉन्ट्रियलविरुद्धच्या मालिकेत ३-१ पुढे होती. सहाव्या सामन्यात मॉन्ट्रियलचा गोलकीपर हॅलाक याने ५४ पैकी ५३ फटके अडवले आणि सातवाही मॉन्ट्रियलनेच मारला. कॉर्सीला यातलं काही दिसत नाही.

२०२५ विचारणाऱ्यांसाठी: पुन्हा हेच दोघे, फ्लोरिडा ४-२. पहिला, दुसरा, चौथा सामना ओव्हरटाइममध्ये गेला, आणि ओव्हरटाइमला स्कोअर बरोबरीतच असतो. आपल्याला हवी तीच मिनिटं आयती मिळतात. पुढच्या वेळी तिथूनच मोजायला घेतो.