थंड पाण्यातला छोटा पाहुणा

श्रोतेहो, नमस्कार.

फिश टँक म्हटला की हीटर आलाच, असं बहुतेकांनी धरलेलं असतं. पण आज मी ज्या माशाबद्दल बोलणार आहे, त्याच्या टाकीतून हीटर काढून ठेवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. हा मासा म्हणजे व्हाइट क्लाउड माउंटन मिनो.

लांबी जेमतेम चार सेंटिमीटर. दक्षिण चीनमध्ये ग्वांगझू शहराला लागून बाययुन नावाचा डोंगर आहे, तिथल्या ओढ्यांत तो टॅन नावाच्या एका स्काउट नेत्याला सापडला. १९३२ मध्ये लिन शू-येन यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. डोंगरातलं ते पाणी गार, वाहतं आणि प्राणवायूने भरलेलं. म्हणूनच या माशाला १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. निऑन टेट्रा किंवा एंजलफिश अशा उबदार पाण्यातल्या माशांसोबत त्याला कायम २७-२८ अंशांत ठेवलं, तर तो लगेच मरत नाही, आणि घात होतो तो इथेच! पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो, उलट माशाच्या शरीराची गरज वाढते. बिचारा आतून झिजत जातो आणि त्याचं आयुष्य घटतं.

त्याला एकटा किंवा जोडीने ठेवू नका. निदान सहा-आठ जणांचा थवा हवा. मग दोन नर कसे समोरासमोर येतात ते पाहा. पाठीवरचे आणि पोटाखालचे पर ताणून ते एकमेकांभोवती फिरतात, अंगावरचा पट्टा झळाळतो, शेपटीचा लाल रंग गडद होतो. इजा सहसा कुणालाच होत नाही. मला तर हा देखावा कुठल्याही महागड्या माशापेक्षा सुंदर वाटतो.

मूळ डोंगरात मात्र पर्यटन आणि प्रदूषण वाढलं. १९८० नंतर सुमारे वीस वर्षं हा मासा निसर्गात दिसलाच नाही. नामशेष झाला, असंच समजलं जात होतं. पुढे दक्षिण चीनमधल्याच ग्वांगडोंग आणि हैनान प्रांतांमध्ये त्याचे थोडे थवे सापडले. त्या सगळ्या काळात टाक्यांमध्ये मात्र त्याची पैदास जोरात चालू होती.

ही पैदास तुम्हालाही जमेल. टाकीत जावा मॉस नावाची पाणवनस्पती दाट वाढू द्या. मादी त्यातच अंडी विखुरते आणि साधारण दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात. सुरुवातीला त्यांना अगदी सूक्ष्म खाद्य लागतं. आणि टाकीवर झाकण विसरू नका, हा मासा उडी मारतो.