दगड निसटता लागला म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

कंसाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. आकाशवाणी झाली (भागवतातली, आपली नव्हे) की देवकीचा आठवा मुलगा तुझा काळ ठरेल. कंसाने ऐकलं आणि बंदोबस्ताला लागला. बहीण आणि मेहुणा कोठडीत, दारावर पहारे, एकापाठोपाठ सहा मुलांचा जीव घेतला. आता उलटं धरून बघा. त्याने ते कानाआड केलं असतं तर कृष्ण मथुरेतच, मामाच्या अंगाखांद्यावर वाढला असता. त्याच्याशी वैर धरायचं कारणच उरलं नसतं. कंसाने टाळण्यासाठी जे जे केलं, त्यातूनच त्याचा काळ घडला.

नेमकी हीच गाठ घेऊन एका जर्मन मालिकेने 26 भाग केले. मालिकेचं नाव 'डार्क'. बारान बो ओडार आणि यांट्ये फ्रीझ या जोडीने ती घडवली, आणि नेटफ्लिक्सने मूळ जर्मन भाषेत काढलेली ही पहिली मालिका. पहिला हंगाम 1 डिसेंबर 2017 ला आला, दहा भागांचा. पुढचे दोन 2019 आणि 2020 च्या जूनमध्ये, आठ-आठ भागांचे. आज मी शेवटासकट सगळं सांगणार आहे. ज्यांना पाहायची आहे त्यांनी दहा-बारा मिनिटं रेडिओ बंद केला तरी माझा राग नाही.

गाव विंडेन. काल्पनिक. जंगल, जंगलात गुहा, शेजारी अणुवीज केंद्र. गुहेतून एक बोगदा जातो आणि तो माणसाला 33 वर्षं मागे किंवा पुढे नेऊन सोडतो. 2019, 1986, 1953 ही पहिल्या हंगामाची तीन वर्षं, आणि शेवटी 2052 ची एक झलक. 1986 उगीच निवडलेलं नाही. त्याच वर्षी 26 एप्रिलला चेर्नोबिल झालं, आणि तेव्हाच्या पश्चिम जर्मनीत दुधापासून पावसापर्यंत सगळ्याची धास्ती बसली होती.

33 का? मालिकेत सांगतात की तेवढ्या काळाने सूर्याचं आणि चंद्राचं चक्र पुन्हा जुळतं. हिशेब करून पाहू. सौर वर्ष 365.24 दिवसांचं, बारा चांद्र महिने 354.37 दिवसांचे. दरवर्षी जवळपास 11 दिवस मागे पडतात. 33 सौर वर्षांचे होतात 12,053 दिवस, 34 चांद्र वर्षांचे 12,048 आणि थोडे. म्हणजे साडेचार दिवसांची चूक आहे, पण जुळतं. रमजान सगळे ऋतू फिरून साधारण 33 वर्षांनी त्याच हंगामात येतो, तो याचमुळे. आपल्या पंचांगकर्त्यांनी मात्र 33 वर्षं वाट पाहिली नाही. दर 32 महिने, 16 दिवस आणि 4 घटिकांनी अधिक महिना घालून त्यांनी हिशेब तिथल्या तिथे मिटवला. विंडेनमध्ये अधिक महिना नाही, सगळी बाकी साठत जाते.

आता मुख्य प्रश्न. या गावातली माणसं भूतकाळात जातात, काहीतरी थांबवायला बघतात आणि दर वेळी तोंडावर पडतात. का? सटवाईने लिहून ठेवलंय म्हणून? माझं उत्तर: नाही. विंडेनमध्ये लिहिणारं कुणी नाही. तिथलं दैव म्हणजे माणसांनी केलेल्या हस्तक्षेपांची बेरीज. दैव देतं नि कर्म नेतं असं आपण म्हणतो, तिथे दैव आणि कर्म ही दोन खातीच नाहीत.

उलरिख निल्सनचं उदाहरण घ्या. पोलीस अधिकारी. त्याचा भाऊ माड्स ऑक्टोबर 1986 मध्ये नाहीसा झाला. 33 वर्षांनी, 4 नोव्हेंबर 2019 च्या रात्री, त्याचा धाकटा मुलगा मिकेल नाहीसा होतो. संशय हेल्गे नावाच्या म्हाताऱ्यावर जातो. स्मृती गेलेली, आणि एका बाजूने कान आणि गाल चिरडून भरून आल्यासारखा. त्याच्या मागावर उलरिख गुहेत शिरतो आणि 1953 मध्ये निघतो. तिथे हेल्गे आहे नऊ वर्षांचा पोरगा. उलरिख विचार करतो, हा इथेच संपला तर पुढचं काही घडणार नाही. दगड उचलतो, घालतो, मेला समजून पोराला तळघरात टाकतो. पोरगा मरत नाही. कान आणि गाल मात्र कायमचे जातात.

म्हणजे ज्या जखमेचा माणूस 2019 मध्ये उलरिखच्या समोर बसला होता, ती जखम उलरिखनेच केलेली होती. आपण फसणार आहोत याचा पुरावा प्रयत्नाच्या आधीच त्याच्या डोळ्यांपुढे होता. 'हे कशाने झालं?' एवढा एक प्रश्न त्याने कधी विचारला नाही. पुढे त्याला 1953 मध्येच अटक होते आणि उरलेलं आयुष्य तो वेड्यांच्या इस्पितळात काढतो.

ही युक्ती लेखकांच्या डोक्यातून निघाली असं वाटेल, पण पदार्थविज्ञानात तिचं सख्खं भावंड आहे. गोष्ट बिलियर्डच्या चेंडूची आहे, मी कॅरमवर सांगतो. समजा बोर्डाला दोन भोकं आहेत. एकात सोंगटी पडली की ती दुसऱ्यातून पडण्याच्या आधीच बाहेर येते. आता सोंगटी अशी सोडा की ती भोकात जाईल, आधी बाहेर येईल आणि येणाऱ्या स्वतःलाच अशी आदळेल की भोकात जाणारच नाही. गेली नाही तर आदळली कशी? हा पेच जोसेफ पोल्चिन्स्की यांनी घातला. एचेव्हेरिया, क्लिंकहॅमर आणि किप थॉर्न यांनी 1991 मध्ये गणित मांडून दाखवलं की पेचातून वाट आहे: निसटता धक्का. बाहेर आलेली सोंगटी स्वतःला ओझरती घासते. दिशा जराशी बदलते, पण सोंगटी भोकात जातेच. दिशा बदलली म्हणून ती बाहेर येते तीही थोड्या वेगळ्या कोनातून, आणि म्हणून धक्का ओझरता बसतो. वर्तुळ बंद. मागे जाऊन जे काही कराल ते झालेल्या गोष्टींशी सुसंगतच असेल, असं रशियन शास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांचं तत्त्व आहे, आणि ही सोंगटी त्याचं चित्र.

उलरिखचा दगड निसटता लागला तो असा.

मग उलरिख पोराला मारू शकत होता की नव्हता? तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी 1976 मध्ये याचं उत्तर देताना 'शकणे' या क्रियापदालाच हात घातला. हात धडधाकट आहेत, दगड जड आहे, पोरगं समोर आहे: एवढंच धरलं तर मारू शकतो. पण 2019 मध्ये म्हातारा हेल्गे जिवंत आहे, हेही धरलं तर नाही मारू शकत. दोन्ही वाक्यं खरी आहेत, त्यांनी गृहीत धरलेलं सामान वेगळं आहे.

म्हातारा हेल्गे स्वतः मुलं पळवण्याचा आपला अपराध थांबवायला 1986 मध्ये जातो आणि मधल्या वयाच्या स्वतःच्या गाडीवर गाडी घालतो. म्हातारा मरतो, दुसरा वाचतो. वाचणारच होता. नाहीतर म्हातारा झाला कोण?

याहून खोल घाव मालिकेच्या नायकाचा, योनासचा आहे. योनासच्या बापाने, मिखाएलने, 21 जून 2019 ला गळफास घेतला. मागे पाकीट ठेवलं, वर लिहिलं: 4 नोव्हेंबर, रात्री 10 वाजून 13 मिनिटांच्या आधी उघडू नये. त्याच रात्री मिकेल हरवतो, 1986 मध्ये पोहोचतो, तिथे वाढतो आणि मिखाएल होतो. म्हणजे हरवलेलं पोर हाच योनासचा बाप. दुसऱ्या हंगामात योनास 20 जूनला, आदल्या दिवशी, बापापुढे उभा राहतो. विनवतो, हे करू नका, हे पाहा तुम्ही लिहिलेलं पत्र. बाप पत्र वाचतो आणि म्हणतो, मी असं काही लिहिलेलंच नाही. जीव द्यायचं त्याच्या मनातही नव्हतं. ते मनात घातलं थांबवायला आलेल्या मुलाने. आणि बाप आणखी एक सांगतो: त्या रात्री मला गुहेपर्यंत तूच नेलंस.

बरं, योनासला पाठवलं कुणी? आडाम नावाच्या म्हाताऱ्याने, 'याने गाठ सुटेल' असं सांगून. आणि आडाम म्हणजे योनासच, वयाने पुढचा. विंडेनमध्ये थोरली आवृत्ती धाकट्या आवृत्तीशी खरं बोलत नाही. बोलली तर धाकटा त्या वाटेने जाणार नाही आणि थोरला होणारच नाही.

एक शिफारस, मालिका पाहणाऱ्यांसाठी. एक वही घ्या, पाच रकाने पाडा. कोण, कोणत्या तारखेहून कोणत्या तारखेला, काय थांबवायला, प्रत्यक्षात काय झालं, आणि त्या क्षणी त्याला काय माहीत नव्हतं. नोंदी भागांच्या क्रमाने करू नका, तिथेच लोक चुकतात. एकाच माणसाची तीन वयं तीन नट करतात, म्हणून प्रत्येक माणसाला एक पान द्या आणि त्याच्या वयाच्या क्रमाने लिहा. वीसेक ओळी झाल्या की दिसायला लागतं: एका ओळीतला चौथा रकाना दुसऱ्या कुणाच्यातरी तिसऱ्या रकान्याचं कारण आहे. अणुवीज केंद्राची प्रमुख असलेल्या क्लाउडियाच्या पानावर पाचवा रकाना रिकामा सापडेल. बापाच्या, एगॉनच्या, मृत्यूची नोंद तिने भविष्यात वाचलेली आहे. त्याला वाचवायचं म्हणून ती त्याला घरी आणते, तिथेच झटापट होते, तो पडतो, आणि ती मदत बोलावत नाही. सगळं माहीत असूनही.

काही ओळी मात्र वहीत बसतच नाहीत. टानहाउस या घड्याळजीला 1953 मध्ये क्लाउडिया यंत्राचे आराखडे देते. ते यंत्र 1986 मध्ये पुरं होतं ते त्याच्याच बिघडलेल्या, पुढच्या काळातून आलेल्या रूपाकडे पाहून. मग मुळात आराखडा काढला कुणी? कुणीच नाही. शार्लोट तर एलिझाबेथची आईही आहे आणि मुलगीही. हा प्रकार चमकदार आहे, पण मला उलरिखच्या दगडापुढे फिका वाटतो. कोडं आहे, घाव नाही.

आणि एका ठिकाणी लेखकांनी चक्क लबाडी केली आहे. तिसऱ्या हंगामात योनास जीव द्यायला बघतो आणि त्याच्यावर रोखलेलं पिस्तूल काही केल्या चालत नाही. कारण? पुढचा योनास जिवंत आहे. तर्काने बरोबर, पण इतका वेळ माणसांच्या अज्ञानातून आणि मायेतून फसवणारा काळ इथे एकदम पिस्तुलाच्या घोड्यावर बोट ठेवून बसलेला दिसतो. म्हणजे सटवाई मागच्या दाराने आत आली.

तुलनेला कोरियातली 2016 ची 'सिग्नल' ही 16 भागांची मालिका घ्या. रात्री 11 वाजून 23 मिनिटांनी एक जुना वॉकी-टॉकी सुरू होतो आणि आजचा पोलीस भूतकाळातल्या पोलिसाशी बोलतो. तिथे हस्तक्षेप लागू पडतो. मरणारी बाई वाचते, फळ्यावरची नोंद बदलते. पण गुन्हेगारही सावध होतो आणि दुसरंच कुणीतरी मरतं. तिथे बदलाला किंमत आहे, इथे बदलच नाही. दोन वेगळे बाजार आहेत, एकाच्या तराजूने दुसऱ्याचा माल तोलू नये.

आता 'डार्क'चा शेवट. क्लाउडियाला दोन गोष्टी सापडतात. पहिली: 27 जून 2020 च्या विध्वंसाच्या वेळी क्षणाच्या एका तुकड्यापुरता काळ थांबतो, तेवढ्यात कार्यकारणाची साखळी तुटते आणि कुणाला तरी वेगळ्या वाटेला लावता येतं. दुसरी: गाठ जिथे सुटते म्हणून सगळे ओढत होते, तिथे तिचं टोकच नव्हतं. टोक बाहेर होतं: योनासचं जग आणि त्याला समांतर असलेलं, उलरिखच्या मुलीचं, मार्थाचं जग सोडून एका तिसऱ्या जगात. तिथे 1971 मध्ये टानहाउसचा मुलगा, सून आणि तान्ही नात मोटार अपघातात गेले. त्यांना परत आणायला त्याने यंत्र बांधलं, 1986 मध्ये सुरू केलं, आणि त्याचं जग दुभंगून दोन गाठाळलेली जगं झाली. योनास आणि मार्था त्या रात्री रस्त्यावर उभे राहून गाडी अडवतात आणि पूल बंद असल्याचं सांगतात. गाडी माघारी वळते. यंत्र बांधलं जात नाही, दोन्ही जगं मिटतात, ते दोघंही मिटतात.

तर्काने हे ठिगळ आहे. अपघात झाला नाही तर योनास नाही, योनास नाही तर गाडी अडवली कुणी? पंचवीस भाग कसोशीने टाळलेला पेच सव्विसाव्यात उघडा सोडला आहे. डेव्हिड डॉइच यांनी 1991 मध्ये सुचवलेली वाट घेतली, म्हणजे निघालेलं जग आणि पोहोचलेलं जग वेगळी मानली, तर थोडं निभावतं, पण मालिका स्वतः तसं म्हणत नाही. तरी मला तो शेवट पटतो, कारण वहीतल्या तिसऱ्या रकान्यात पहिल्यांदाच वेगळं काही येतं. उलरिखला मुलगा हवा होता, योनासला बाप, क्लाउडियाला एगॉन. या दोघांना मात्र स्वतःसाठी काहीच परत आणायचं नाही, फक्त एका अनोळखी म्हाताऱ्याचं घर मोडू द्यायचं नाही.

शेवटचा प्रसंग रात्रीच्या जेवणाचा. टेबलाभोवती सहा जण. उलरिख नाही, मिकेल नाही, शार्लोट नाही: ज्यांची वंशावळ गाठीतून येत होती ते कुणीच नाहीत. क्लाउडियाची मुलगी रेजिना आहे, म्हणजे ती उलरिखच्या बापाची, ट्रोंटेची, मुलगी नव्हती हेही तिथे पक्कं होतं. दिवे लुकलुकतात. मिटलेल्या जगात योनासची आई असलेली हाना इथे पोटुशी आहे. एका पिवळ्या रेनकोटाकडे ती बघत राहते. बाळाचं नाव काय ठेवणार, असं कुणीतरी विचारतं. ती म्हणते, योनास हे नाव छान आहे.

वहीत या पानावर पहिल्या रकान्यात नाव लिहिता येतं. पुढचे चारही रकाने कोरे राहतात.

नमस्कार.